पाडलंस तर उभी कर

ज्या बाईने मला पाडलं तिच्याबद्दल मी चांगलं बोलणार आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मध्येच कोणीतरी म्हणेल, पडताना म्हातारीच्या डोक्यालाही मार लागला वाटतं. डोकं ठिकाणावर आहे. खुब्याचं हाड तेवढं ठिकाणावर नव्हतं, आणि तेही आता डॉक्टरांनी सळई घालून जागेवर बसवलं आहे.

मी बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी इथे सगळे मला कंडक्टरबाईच म्हणतात, कारण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. एक भाची आहे, जिवाला जीव देणारी, पण तिचं घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यात पाच माणसं. माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मीच तिला म्हटलं, मला कुठेतरी नेऊन ठेव बाई, मला तुझ्या डोक्यावर मिरी वाटत बसायचं नाही. ती रडली, आणि मग मला या आश्रमात घेऊन आली.

आश्रम ख्रिस्ती सिस्टर लोकांचा. एका अंगाला आम्हा म्हाताऱ्यांच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला त्यांचा मठ, मध्ये लांबलचक व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला चॅपल, त्यांचं प्रार्थनाघर. चॅपलच्या दाराशी दगडाची एक पायरी, चांगली वीतभर उंच. देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं. लहानपणी आईने ओळख करून दिली होती, ती ठेवायला पुढे सवड झाली नाही, एवढंच. हे मी आल्या दिवशीच मदरना सांगून टाकलं. मदर म्हणजे या सगळ्या सिस्टरांच्या मोठ्या. त्या म्हणाल्या, चालेल, गोळ्या वेळेवर घ्या म्हणजे झालं.

आता घड्याळ सिस्टर. हे नाव मी ठेवलं, आणि त्याचं श्रेय मी दुसऱ्या कोणाला घेऊ देणार नाही. पन्नाशीची बाई, उंच, हाडापेराने दणकट. बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशात थर्मामीटर, सेफ्टी पिना आणि पेपरमिंटच्या गोळ्या. व्हरांड्यात चपलांचा चटचट आवाज आला की कोण येतंय ते बघायला मान वळवायची गरज नाही. आमच्या बाजूची सगळी कामं तिच्याकडे. आंघोळी, अंथरुणं, औषधं, नखं कापणं. हात स्वच्छ आणि झपाट्याचा, बोलणं बेताचं. कोणाची कुरकुर ऐकत बसणार नाही आणि स्वतःची ऐकवणार नाही. खरं सांगायचं तर मला ती आवडायची नाही. माझ्यासारख्या बडबड्या बाईला समोरून उत्तर लागतं, आणि ही भिंतीसारखी उभी.

आणि तिची ती घंटा. चॅपलची घंटा दिवसातून कितीतरी वेळा व्हायची. उठायची, प्रार्थनेची, जेवणाची, पुन्हा प्रार्थनेची. बाकीच्या सिस्टर घंटा झाली की हातातलं काम आवरून, हात पुसून, चार शब्द बोलून निघायच्या. ही तशी नाही. घंटेचा पहिला टोला पडला की ही हातातलं जिथल्या तिथे सोडून निघालीच. उशीचा अभ्रा अर्धा चढवलेला असेल तर अर्धाच. बोलत असेल तर वाक्यही पुरं करायची नाही. मी एकदा विचारलं, सिस्टर, तुमची गाडी सुटते का हो? तर म्हणाली, मठात आले तेव्हा एका म्हाताऱ्या मदरनी शिकवलं, घंटा म्हणजे देवाची हाक. लिहिता लिहिता घंटा झाली तर अक्षर अर्धं टाकून उठायचं. माणूस आपल्या आईला सुद्धा थांब म्हणतो, देवाला म्हणायचं नाही. ती पद्धत जुनी, बाकीच्यांनी कधीच सोडून दिलेली. हिने मात्र घट्ट धरून ठेवली होती. सगळ्या मठात चॅपलला कधी उशीर न झालेली हीच एक, असं स्वयंपाकघरातल्या सिस्टर मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

त्या दिवशी ती मला आंघोळ घालत होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी बसलेली, अंगाला साबण, डोळ्यांत फेस. तिने एक तांब्या ओतला आणि घंटा झाली. ती म्हणाली, आजी, बसून राहा, दुसऱ्या सिस्टरना पाठवते. आणि चटचट गेली. तिने सांगितलंही होतं म्हणे वाटेत कोणालातरी. पण ती कोणीतरी येईपर्यंत माझे डोळे चुरचुरायला लागले. टॉवेल खुंटीवर, हाताच्या थोडासा पलीकडे. मी उठले, आणि फरशीने मला खाली घेतलं. माझी शेजारीण पार बहिरी, तिला जेवणाची घंटा ऐकू येत नाही, पण मी पडलेली तिला ऐकू आलं. तिनेच आरडाओरडा केला.

हॉस्पिटल, ऑपरेशन, ते सगळं मी सांगत बसत नाही. दुखलं, एवढं पुरे. भाचीचा नुसता तिळपापड झाला होता. मावशीला साबण लावून सोडून जातात म्हणजे काय, मी तक्रार करते, ही बाई तिथे पुन्हा दिसता कामा नये. तिचं चुकत नव्हतं. अशात एका दुपारी मदर आल्या आणि त्यांच्या मागून ती. बाह्या खाली, मनगटापर्यंत. किल्ल्या नाहीत. मदर म्हणाल्या, झालं ते फार वाईट झालं, आम्ही या सिस्टरांना तुमच्या बाजूच्या कामावरून काढलं आहे. त्या आता ऑफिसात बसतील. तुम्हाला त्यांचं तोंडसुद्धा दिसणार नाही.

माझा राग असा उसळला की पाय विसरून मी उठायला गेले. म्हटलं, वा. म्हणजे मी इथे सळई घालून पडायचं आणि हिने पंख्याखाली बसून कागद फिरवायचे? मी तिच्याकडे बघितलं. रडत नव्हती. तोंड राखेसारखं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला एकेरीत बोलले.

"पाडलंस ना? मग उभी कर. आमच्या गाडीत एकच नियम होता. पायरीवर माणूस असताना घंटी मारायची नाही. मग देव असो की डेपो मॅनेजर, कोणीही हाक मारू दे."

मदर काहीतरी बोलायला गेल्या, पण तीच पुढे झाली. म्हणाली, मदर, मला आजींच्याच कामावर ठेवा. त्या चालायला लागेपर्यंत दुसरं काही देऊ नका. मदरनी माझ्याकडे बघितलं, मी भाचीकडे. भाची म्हणाली, मावशी, तू वेडी आहेस. तक्रार मात्र मग तिने केली नाही.

आश्रमात परत आल्यावर मी तिला सळो की पळो करून सोडलं. मुद्दाम नाही, माझा स्वभावच तसा, आणि दुखणं सोबतीला. व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा यायची आणि सांगून जायची, पाय सरळ ठेवून वर, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ऐकायला सोपं. पाय उचलायला गेलं की वाटायचं, कोणीतरी खुब्यात पाना घालून फिरवतंय. मी ओरडायचे, शिव्या द्यायचे, तू तुझ्या देवाकडे जा म्हणायचे. ती ऐकून घ्यायची, टाचेखाली हात धरायची आणि म्हणायची, आणखी एक. तिचा तो आणखी एक अजून माझ्या कानात बसला आहे. कितीही बोला, ही बाई हटायची नाही.

घंटा झाली की मात्र बघायची. चटचट जाणं संपलं होतं. आता ती आधी माझा पाय खाली ठेवायची, उशी लावायची, पाण्याचा पेला हाताशी ठेवायची, दुसरी सिस्टर आत आलेली डोळ्यांनी बघायची, आणि मग जायची. उशीर व्हायचा. सगळ्या मठात कधी उशीर न झालेली बाई रोज सगळ्यांनंतर आत शिरायची, आणि सगळ्या माना वळायच्या. हे मला स्वयंपाकघरातल्या सिस्टरांनी सांगितलं, आणि वर म्हणाल्या, कंडक्टरबाई, तिला जरा जपा हो, ती नीट जेवत नाही.

तेव्हा मी विचारलं. सरळच. म्हटलं, तुला झालंय काय? हाड माझं मोडलं, आणि वाळलीस तू. ती पट्टी गुंडाळत होती. गुंडाळून झाली, पिन लावली, आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. बाप लवकर गेलेला, आई घरोघरी जाऊन कपडे शिवायची. ही थोरली, पाठचा एक भाऊ. घरात कशाचाच ठिकाणा नसायचा. आज जेवण कधी, आई कधी येणार, घर राहणार की जाणार. मठात आली आणि पहिल्यांदा तिला कळलं की आता काय होणार ते घंटा सांगते. तिला तिथेच देव भेटला, त्या नेमात. इतकी वर्षं ती घंटेमागे धावली आणि प्रत्येक वेळी आत कोणीतरी तिची वाट बघत होतं. मी पडले त्या दिवशीही ती जाऊन गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले, आणि तिला छान वाटत होतं. अगदी त्याच वेळी मी फरशीवर होते.

"तेव्हापासून आत कोणी नाही, आजी. मी जाते, बसते, शब्द म्हणते. रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, मग जातेस कशाला? तर म्हणाली, जायचं ठरवलंय म्हणून जाते. तो नसेल तर त्याचं तो बघेल, मी नाही असं होणार नाही. हे बोलताना तिचा जबडा असा आवळला की मला वाटलं, हिच्या वाटेला जाऊ नये.

पण एक अडचण होती, आणि ती तारखेची होती. या मठात एक पद्धत आहे. कायमची व्रतं तर सगळ्यांनी कधीच घेतलेली असतात. दारिद्र्याने राहीन, ब्रह्मचर्याने राहीन, आज्ञा पाळीन, आजाऱ्यांची सेवा करीन. तरीही वर्षातून एकदा चॅपलमध्ये प्रत्येकीने उभं राहून, सगळ्यांच्या देखत, एकटीने ती पुन्हा म्हणायची. तो दिवस जवळ आला होता. घड्याळ सिस्टरने मदरना सांगितलं होतं की मला खोटं बोलता येणार नाही. आत कोणी नाही असं वाटत असताना कोणाला वचन देऊ? मदर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्या दिवसापर्यंत थांब. म्हणता आलं तर म्हण. नाही आलं तर गप्प बस, आणि मग आपण तुझ्या घरी जाण्याचं बोलू.

घर तयारच होतं. रविवारी तिचा भाऊ आला. इलेक्ट्रिशियन आहे, गोरागोमटा, हसतमुख, हातात पिशवी. मी व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत, ती माझ्या शेजारी उभी. त्याने आडपडदा ठेवला नाही, माझ्यासमोरच बोलला. ताई, मागची खोली रिकामी केली आहे. तुझ्या वहिनीने पडदे लावले. एखाद्या दवाखान्यात काम मिळेल तुला. आपण लहान असताना तू मला सांभाळलंस, आता माझी पाळी. हे असं मनाने खंगत राहण्यात काय अर्थ आहे? मला तो आवडला, काय करू. असा भाऊ कोणाला नको? ती त्याच्या शर्टाच्या निघालेल्या बटणाकडे बघत होती. खिशातून सुई काढून तिने तिथेच उभ्या उभ्या ते शिवून दिलं आणि म्हणाली, त्या दिवसानंतर सांगते. तो गेल्यावर ती बराच वेळ फाटकाकडे बघत राहिली. मी पाय उचलायला शिकत होते आणि ही पाय काढायच्या बेतात होती.

खरं सांगते, मी घाबरले. माझ्यासाठी घाबरले आधी, मग तिच्यासाठी. दुसऱ्या दिवशी व्यायामाला बसलो तर ती मोजताना चुकायला लागली. सहा झाले की सात, तिचं तिलाच कळेना. मी म्हटलं, ती तुझी जपाची माळ काढ. रोझरीची. तिच्यात दहा दहा मणीच असतात ना? एक मणी, एक नमो मारियाची प्रार्थना, एक पाय. कुठे चुकायला नको. तिने माळ काढली आणि सुरू केलं. नमो मारिया, कृपापूर्णे. पाय वर. पाय खाली. पुटपुटत होती, नेहमीसारखं, ओठांतल्या ओठांत, भराभर. मला तिचा तो सूर ऐकून वैताग आला.

"काय पुटपुटतेस? गाडीत चढून नुसतं पुटपुटलं तर मी तिकीट कुठलं फाडू? कुठे जायचंय ते मोठ्याने सांग."

ती थांबली. माझी टाच तिच्या हातात, माळ दुसऱ्या हातात. मला वाटलं, आता चिडेल. चिडली असती तर बरंच झालं असतं. पण ती मोठ्याने बोलली. माझ्याशी नाही. पाठ केलेलं काही नव्हतं त्यात. म्हणाली, देवा, मला या बाईचा पाय बरा करून पाहिजे. माझ्याच्याने होत नाही. मी तुझं नाव घेऊन हिला टाकून आले, आणि तू मला थांबवलं नाहीस, याचा मला राग आला आहे. माझ्याशी बोल. नाही बोलायचं तर नको बोलूस, पण हिचा पाय उचल.

मग ती रडली. भिंत ढासळावी तशी रडली, माझ्या पायावर डोकं टेकून. आणि मी, जिला देवाची धड ओळख नाही, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले आणि मलाही रडू आलं. शेजारीण विचारत होती, काय झालं, कोण गेलं? मी ओरडून सांगितलं, कोणी गेलं नाही, झोप तू.

त्या दिवसानंतर चमत्कार झाला म्हणाल तर नाही झाला. पाय तसाच दुखत होता. पण आमचा व्यायाम बदलला. प्रत्येक मण्याला ती एकेक माणूस घ्यायची, मोठ्याने. हा पाय भावासाठी. हा मदरच्या गुडघ्यांसाठी. हा शेजारणीच्या कानांसाठी. मी पण सुरू केलं, गंमत म्हणून आधी. हा माझ्या भाचीसाठी, तिला मोठं घर मिळू दे. हा त्या ड्रायव्हरसाठी, जो माझ्याबरोबर इतकी वर्षं होता आणि आता कुठे आहे ठाऊक नाही. माणसं आठवत गेली की दुखणं मागे पडायचं. दहा पाय कधी व्हायचे कळायचं नाही. मी तिला एकदा विचारलं, काय ग, आलं का कोणी आत? ती म्हणाली, चॅपलमध्ये अजून नाही. इथे मात्र कोणीतरी असतं. मी म्हटलं, मी असते. ती म्हणाली, तुमच्याशिवाय. आणि पहिल्यांदाच तिला हसताना बघितलं, पुढचे दोन दात थोडे वाकडे आहेत तिचे.

खुर्चीतून वॉकरवर आले, वॉकरवरून काठीवर. मध्ये एकदा ताप भरला आणि पुन्हा अंथरूण धरलं, तेव्हा मी हात टेकले होते. म्हटलं, पुरे आता, मी अशीच मरेन. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, टाचेखाली हात घातला आणि म्हणाली, आणखी एक.

तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी ती काही बोलली नव्हती. मी विचारलं होतं, उद्या म्हणणार की नाही? तर म्हणाली, माहीत नाही, आजी. भाऊ उद्या दुपारी येतो आहे, बॅग भरायची की नाही तेही माहीत नाही. त्यावर मी ठरवून टाकलं. सकाळी तिला सांगितलं, मी चॅपलला येणार. चालत. खुर्ची नको. तिने मला धुतलेला झगा घातला, केस विंचरले, काठी हातात दिली, आणि दुसऱ्या बाजूने माझं कोपर धरलं.

व्हरांडा इतका लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. बाकीच्या सिस्टर आमच्या पुढून आत गेल्या. एकेकीने मागे वळून बघितलं, मदरनी पण. आम्ही कुंड्या मागे टाकल्या, पाण्याचा माठ मागे टाकला. माझा श्वास भात्यासारखा चालला होता. शेवटी चॅपलची पायरी आली. या पायरीचा आम्ही कधी सराव केला नव्हता, दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. व्हरांडा सपाट, खोली सपाट, आणि ही मेली दगडी पायरी. मी चांगला पाय वर ठेवला. आजारी पाय खाली राहिला. आता अंग उचलायचं, एवढ्यात डोक्यावर घंटा झाली.

मला तिच्या हाताला बसलेला हिसका कळला. इतक्या वर्षांची सवय, हात आधी ऐकतो. आत सगळ्या उभ्या राहिल्या, पहिल्या सिस्टरचा आवाज सुरू झालेला ऐकू आला. मी म्हटलं, जा तू. तुझी वेळ झाली. मी खांबाला धरते.

तिने माझं कोपर आणखी घट्ट धरलं.

"पायरीवर माणूस आहे, आजी," ती म्हणाली. "आणखी एक."

मग तिने माझ्या मागे येऊन कमरेला हात घातला आणि मी तो दुष्ट पाय उचलला. कोणासाठी उचलला हे मी मनात म्हटलं, ते इथे सांगत नाही. उचलला. वर गेले. तिने मला शेवटच्या बाकावर बसवलं, काठी बाजूला लावली, माझा पाय नीट ठेवला. तोवर तिच्या बरोबरीच्या सिस्टरांचं म्हणून होत आलं होतं. तिची जागा पुढे होती, रिकामी. ती तिकडे गेली नाही. माझ्या बाकाशेजारीच उभी राहिली.

शेवटच्या सिस्टरने म्हटलं आणि सगळं शांत झालं. मदरनी मागे वळून बघितलं. हाक मारली नाही, खूणही केली नाही, नुसत्या थांबल्या. दुपारी तो भाऊ येणार, पडदे लावलेली खोली, भरायची बॅग. मला वाटलं, आता ही खाली बसते. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो गरम झाला होता.

आणि ती बोलली. पुटपुटली नाही. माझ्या गाडीत शेवटच्या बाकावरून बोललं असतं तर ड्रायव्हरला ऐकू गेलं असतं, अशा आवाजात. दारिद्र्याने राहीन. ब्रह्मचर्याने राहीन. तिसऱ्यापाशी ती अडली. आज्ञा पाळण्याचं व्रत ते, तिथेच तिची घंटा होती आणि तिथेच मी पडले होते. तिने श्वास घेतला. तुझी आज्ञा पाळीन, ती म्हणाली, जिथून येईल तिथून. मग चौथं, आजाऱ्यांची सेवा करीन, हे म्हणताना तिने माझा खांदा असा दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे दुखत होतं. मदरनी मान हलवली आणि डोळे पुसले.

भाऊ दुपारी आला. तिने त्याला जेवायला वाढलं, पडद्यांसाठी वहिनीचे आभार मानले आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. तो जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्हीच ठेवून घेतलंत तिला. मी म्हटलं, बाळा, तिला कोणी ठेवून घेऊ शकत नाही, प्रयत्न करून बघ.

पण मला सांगायचंय ते सकाळचंच. व्रतं म्हणून झाली, गाणं झालं, आणि नाश्त्याची घंटा झाली. सगळ्या सिस्टर उठून गेल्या. घड्याळ सिस्टर माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती, डोळे मिटलेले, ओठ हलत नव्हते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की आत कोणीतरी आहे हे मलासुद्धा कळलं. पोटात कावळे ओरडत होते, पाय ठणकत होता. व्हरांड्यातून कोणीतरी डोकावून म्हणालं, कंडक्टरबाई, नाश्ता गार होतोय, तिला हलवा. मी हाताने गप्प बस म्हणून खूण केली आणि तशीच बसून राहिले. पायरीवर माणूस होतं.